सतरावी पायरी

यंदाच्या बकरी ईदला भाचा पुण्याहून घाटनांदूरला आला. गाडीतून उतरला तेव्हा पाठीवरच्या पिशवीत कपडे कमी आणि जाडजूड पुस्तकं जास्त होती. सोबत एक कापडी बटवा. त्यात फासे, पण आपल्या ल्यूडोतले सहा बाजूंचे नव्हेत, दहा बाजूंचे. ईदच्या दुसऱ्या दिवशी, गोश्त वाटून झाल्यावर, त्याने ओसरीत सगळं मांडलं. माझी आपा, म्हणजे त्याची अम्मी, चहा घेऊन आली आणि म्हणाली, "जादू का खेल है क्या रे ये?"

तो हसला. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेता आला नाही. का, ते पुढे येईलच.

खेळ असा : चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. सोंगट्या, पट असलाच पाहिजे असं नाही. कागद, पेन्सिल आणि फासे पुरतात. खेळाआधी प्रत्येकाने आपलं पात्र कागदावर घडवायचं : अंगात बळ किती, अक्कल किती, तलवार चालवता येते का, लिहिता-वाचता येतं का. हे भरून झालं की हातात वरचे पंधरा पॉइंट मिळतात. त्यांना बोनस पॉइंटच म्हणतात. ते कशावर खर्चायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं. एखादं कसब एका घराने वाढवायचं तर दोन पॉइंट, ते पात्राच्या आवडीचं असेल तर एकच. अलौकिक शक्ती हवी असेल तर पाच, आणि ती पात्राच्या स्वभावाशी जुळणारी असेल तर चार. हे नियम 'एक्झाल्टेड' या 2001 सालच्या अमेरिकन खेळाचे. गोष्ट मात्र भाच्याच्या मित्रांनी आपली घेतली होती, तुघलकांच्या काळातल्या दख्खनची.

"मामू, तुमे बी एक बनाओ," तो म्हणाला. मी फकीर बनवला. आणि खरं सांगतो, बीएड झालेला, वीस वर्षं पोरांना उर्दू-मराठी शिकवणारा मी, पंधराच्या पंधरा पॉइंट करामतींवर उधळून मोकळा झालो. पाण्यावर चालणं, मनातलं ओळखणं, हात ठेवून आजार बरा करणं. तीन पाचा पंधरा.

भाच्याने कागद पाहिला. "मामू, तुमच्या फकिराला ना वाचता येतं, ना नाडी बघता येते, ना घोड्यावर बसता येतं. दौलताबादला जाणार कसा?"

त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हा लेख.

आधी त्या खेळांचं पाहू. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. त्यात पात्राचं बळ-बुद्धी फाशांवर ठरायची. तीन फासे टाका, जे पडेल ते तुमचं. म्हणजे नशीब. 1981 च्या 'चॅम्पियन्स'मध्ये हिशेब आला : ठरलेले पॉइंट घ्या आणि उडणं, अदृश्य होणं, जे हवं ते त्यातून विकत घ्या. पॉइंट अपुरे पडले तर स्वतःत खोट घ्या. एक डोळा अधू, पाठीमागे एखादा दुश्मन, घरी सांभाळायला म्हातारी माणसं, आणि त्या खोटीच्या बदल्यात आणखी पॉइंट मिळवा. 1986 च्या 'गर्प्स'ने हाच हिशेब सगळ्या तऱ्हेच्या गोष्टींना लावला. 1991 च्या 'व्हॅम्पायर'मध्येही पंधराच फुकटचे पॉइंट असत. तिथे साधं कसब दोनाला आणि अलौकिक शक्ती सातला. आकडे बदलले तरी भाव तोच : चमत्कार महाग, कसब स्वस्त. आणि चमत्कार घ्यायचा तर तो कसबांच्याच पैशातून घ्यावा लागतो.

ऐंशीच्या दशकात या खेळांवर तिकडे मोठं वादळ उठलं होतं. हे मुलांना सैतानी विद्या शिकवतात, असा काही ख्रिस्ती पालकांचा आरोप होता. आपल्याकडचा एखादा मौलवी आज हेच म्हणेल. मला उलटच वाटतं. जादूवर किमतीची चिठ्ठी लावणारा खेळ जादूचा भाबडा भक्त कसा घडवेल?

ही चिठ्ठी अमेरिकेने पहिल्यांदा लावली असंही नाही. रामायणातला विश्वामित्र आठवा. वर्षानुवर्षं तप करून साठा जमवायचा, मग त्रिशंकूसाठी वेगळा स्वर्ग उभारण्यात, कधी मेनकेपायी, कधी रंभेला शाप देण्यात तो घालवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पतंजलींच्या योगसूत्रात तर सिद्धी कुठून मिळतात याची यादीच आहे : जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. पात्र घडवण्याचा तक्ताच जणू. पण त्याच ग्रंथात, जगाच्या व्यवहारात ज्या सिद्धी वाटतात त्या समाधीच्या वाटेत अडथळे आहेत, असंही बजावलेलं आहे.

आपल्या तसव्वुफमध्ये हा हिशेब आणखी बारीक झाला. अकराव्या शतकात निशापूरच्या इमाम कुशैरींनी 'मकाम' आणि 'हाल' यांत भेद केला. मकाम म्हणजे बंद्याने मेहनतीने गाठलेला मुक्काम : तौबा, सब्र, तवक्कुल. हाल मात्र अल्लाहची देणगी, ती कमावता येत नाही. करामतही देणगीच. म्हणजे ज्याला खरा वली म्हणावं, त्याच्याकडे करामत विकत घेण्याचे पॉइंटच नसतात. पॉइंट असतात ते सब्रचे. माझ्या फकिराचा कागद इथेच फाटतो.

आणि आता आपल्या मराठवाड्याकडे येतो. 1308 ते 1322 या काळात दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या मजलिशींत अमीर हसन सिज्जी हा शायर बसायचा आणि ऐकलेलं टिपून ठेवायचा. अमीर खुसरोचा हा दोस्त. त्या टिपणांचा ग्रंथ म्हणजे 'फवाइदुल फुआद'. पुढे मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीची माणसं दौलताबादला हलवली. हसनही दख्खनेत आला. त्याची कबर खुलताबादेत आहे, आमच्या गावापासून एका दिवसाच्या प्रवासावर.

त्या ग्रंथात हजरतांची एक गोष्ट नोंदलेली आहे. माझ्या शब्दांत सांगतो : बुजुर्गांनी या वाटेच्या शंभर पायऱ्या मानल्या आहेत. करामत दाखवता येणं ही त्यातली सतरावी. साधक तिथेच रमला, तर उरलेल्या त्र्याऐंशी पायऱ्या कोण चढणार?

सतरावी! मी वर्गात शंभरपैकी सतरा गुण मिळवणाऱ्याला नापास करतो. आणि ज्या आकड्याला आपण विलायतची शेवटची पायरी समजतो, उरूसात ज्याच्यावर कव्वाल्या म्हणतो, तो आकडा शंभरात सतरावा. आपला सापशिडीचा पटही जुन्या काळी ज्ञानाचा पट होता. जैनांचा चौऱ्याऐंशी घरांचा, वैष्णवांचा बहात्तर घरांचा, आणि सूफी घडणीचेही पट होते. घराघरांत गुण-दुर्गुण लिहिलेले, शिडीने वर, सापाने खाली. मराठीत त्याला मोक्षपट म्हणतात आणि लोक तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात. 1890 च्या दशकात तो इंग्लंडात गेला तेव्हा बाळबोध होऊन गेला. हजरतांच्या हिशेबाने असा पट मांडला तर सतराव्या घरात शिडी नव्हे, सापच काढावा लागेल.

चमत्कारांच्या कथा सूफींनी सांगितल्याच नाहीत, असं मी म्हणणार नाही. खुद्द फवाइदमध्ये उच्छच्या शेख सफीउद्दीन गाजरूनी आणि एका जोग्याची कथा आहे. जोगी जागेवरून उठून सरळ छतापर्यंत गेला आणि खाली आला. शेखने दुआ केली आणि किबल्याकडे, उत्तरेला, दक्षिणेला उडून परत आले. मराठी माणसाला इथे लगेच आळंदीची भिंत आठवेल : चांगदेव वाघावर बसून आले, भावंडं भिंतीवर बसून सामोरी गेली. सायमन डिग्बी या ब्रिटिश अभ्यासकाने सूफी कथांमधल्या या वाघ आणि भिंतीवर स्वतंत्र लेखच लिहिला आहे. अशा कथा हिंदू-मुसलमान दोन्ही बाजूंनी सांगितल्या गेल्या. मला त्यांत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. चांगदेवांकडे चौदाशे वर्षांची कमाई होती, आणि ती सगळी त्यांनी वाघावर लावली. कोऱ्या पत्रावर काय लिहावं ते मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

खुलताबादला हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात चांदीच्या झाडांची दंतकथा सांगतात. 1337 मध्ये त्यांचा विसाल झाला, मुरीदांकडे खर्चाला काही राहिलं नाही, तेव्हा फरशीतून चांदीची रोपं उगवू लागली म्हणे. लहानपणी अब्बांनी मला ती जागा दाखवली होती. मला ती कथा आवडते, अजूनही. पण तिच्यात एक बारकावा आहे : चांदी त्यांच्या हयातीत उगवत नाही.

आता आपाचं.

मी चौथीत होतो, आपा सातवीत. तिला फिट येऊ लागल्या. शाळेच्या प्रार्थनेत एकदा कोसळली आणि गावभर झालं, साया आहे. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यांनी तिला एका आमिलकडे न्यायला सुरुवात केली, दर जुमेरातीला. तावीज, पढा हुआ पानी, काळी कोंबडी. "अजून एक जुमेरात" असं तो म्हणायचा. हे तीन वर्षं चाललं. आधी अम्मीचे चांदीचे तोडे गेले, मग दोन शेळ्या, मग आपाची शाळा. शाळा सुटली ती कायमची. शेवटी एका नातेवाइकाने भांडून तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज न चुकता घ्यायला सांगितलं. काही महिन्यांत फिट थांबल्या.

तो आमिल सतराव्या पायरीवर तरी होता का, अल्लाह जाणे. मला वाटतं तो पहिल्याही पायरीवर नव्हता, फक्त तिकिटं विकत होता. महाराष्ट्रात यासाठी आता कायदा आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं हा त्याने गुन्हा ठरवला. आमच्यातले काही जण तेव्हा म्हणाले, हा दर्ग्यांवर घाला आहे. मी त्यांना फवाइद वाचायला सांगितलं. एकानेही वाचलं नाही.

सकाळी मी भाच्याकडून कोरा कागद मागून घेतला. आपा शेजारी तांदूळ निवडत होती. तिला उर्दू वाचता येतं, मराठी अडखळत. ती कागदावर बोट ठेवून विचारू लागली, हे काय, ते काय.

"दवा-दारू का इल्म कित्ते का?"

"दो पॉइंट, अम्मी."

"और ये, हाथ रख के अच्छा करने का?"

"पाँच."

ती काही बोलली नाही. खडे वेचत राहिली.

मी दवा-दारू तीन घरांनी वाढवली, सहा गेले. फारसी वाचणं दोन घरं, चार गेले. घोडा एक घर, दोन गेले. उरलेल्या तिनांत एकही करामत येत नव्हती. भाचा म्हणाला, एक पॉइंट आणखी असता तर स्वभावाशी जुळणारी एक मिळाली असती, घोडा सोडून द्या. मी घोडा ठेवला. तीन पॉइंट कशावर लावायचे ते संध्याकाळपर्यंत ठरलं नाही, तसेच कोपऱ्यात लिहून ठेवले आणि मगरिबनंतर आम्ही दौलताबादच्या वाटेला लागलो.