एका गळालेल्या ओळीची किंमत

१/९
१ ऑक्टोबर १९६८. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या फुल्टन चित्रगृहात ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा कृष्णधवल भयपट प्रथम झळकला. मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागतात आणि काहीजण एका शेतघरात स्वतःला कोंडून घेतात, एवढेच कथानक. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो. खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर.

२/९
चित्रपटाचे आधीचे नाव होते ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. वितरकाने ते बदलले. जुन्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना होती. नव्या पट्टीवर ती घालायची राहून गेली. १९०९च्या कायद्यानुसार अशा सूचनेविना प्रकाशित झालेल्या कलाकृतीवरचा हक्क संपुष्टात येत असे. एक ओळ गळाली आणि चित्रपट सर्वांचा झाला.

३/९
पुढे कोणीही त्याच्या प्रती काढाव्यात, दाखवाव्यात, विकाव्यात. चित्रपट घरोघरी पोहोचला. पण त्या विक्रीतला वाटा मागण्याचा अधिकार निर्मात्यांकडे उरला नाही.

४/९
रोमेरो आणि सहलेखक जॉन रूसो यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वारसा विभागला गेला तो शब्दांत : ‘लिव्हिंग डेड’ हे शब्द रूसोकडे राहिले, तर रोमेरोच्या पुढील चित्रपटांच्या नावांत केवळ ‘डेड’ उरले.

५/९
१९७८ साली रोमेरोचा ‘डॉन ऑफ द डेड’ आला. चित्रीकरण मनरोव्हिलच्या खऱ्याखुऱ्या मॉलमध्ये झाले. इटलीत तो ‘झॉम्बी’ या नावाने लागला. लगेच १९७९ मध्ये लुचो फुल्ची यांनी ‘झॉम्बी २’ काढला. कथेचा आधीच्या चित्रपटाशी काडीचाही संबंध नव्हता. उत्तरभाग होता तो केवळ नावापुरता!

६/९
१९८५ मध्ये दोन्ही शाखा समोरासमोर आल्या. रोमेरोचा गंभीर ‘डे ऑफ द डेड’ आणि डॅन ओबॅनन दिग्दर्शित विनोदी ‘रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’. झॉम्बी मेंदू खातात, ही आज सर्वतोमुखी असलेली समजूत रोमेरोची नव्हे. ती या दुसऱ्या चित्रपटाची देणगी.

७/९
१९९० साली मूळ कथेचा रंगीत पुनर्निर्माण झाला. पटकथा रोमेरोची, दिग्दर्शन टॉम सॅव्हिनी यांचे. मूळ चित्रपटाने जे दिले नाही ते मिळवण्याचा हा प्रयत्न होता, कारण नव्या चित्रपटावर नवा हक्क सांगता येत होता. मूळ चित्रपटात भीतीने गोठलेली बार्बरा येथे बंदूक हाती घेते.

८/९
कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतोच. तेव्हा सूचना असती तरी अनुकरणे झालीच असती. परंतु मूळ कृती मुक्तपणे फिरत राहिल्याने हा साचा झपाट्याने रुजला. २००४ साली ब्रिटनमध्ये ‘शॉन ऑफ द डेड’ आला, तर २०२२ साली मराठीत आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’. पिट्सबर्गची प्रेते अखेर डोंबिवलीत पोहोचली.

९/९
१ मार्च १९८९ पासून अमेरिकेत ती सूचना सक्तीची राहिली नाही. १९९९ मध्ये चित्रपटाचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाला. २०१७ मध्ये रोमेरो निवर्तले. राष्ट्राने ठेवा म्हणून जपलेली ही कृती त्यांच्या हयातीत पुन्हा त्यांच्या मालकीची झाली नाही.