सारथी आणि स्वयंचलित रथ

बेळगावाहून निघालेला रस्ता पिरणवाडी मागे टाकून जांबोटीस येतो, तेथून कणकुंबीवरून चोर्ल्याच्या माथ्याशी पोहोचतो आणि मग वळणे घेत घेत सत्तरीतील केरी गावी उतरतो. मलप्रभेचा उगम आणि श्रीमाउलीचे देऊळ याच वाटेवरचे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात वसलेली आमच्या समाजाची कितीतरी कुटुंबे याच मार्गाने मंगेशीस, कवळ्यास, म्हार्दोळास कुलदेवतेच्या दर्शनाला जातात. जांबोटीस गाडी थांबवून चहा घ्यावयाचा, देवासाठी घेतलेले नारळ नीट आहेत ना ते पाहावयाचे आणि मग घाटाकडे वळावयाचे, हा परिपाठ बहुतेकांच्या ओळखीचा आहे.

अशाच एका पावसाळी सकाळी जांबोटीस चहा घेत असता मोटारींच्या काही शौकिनांचा वाद आमच्या कानी पडला. विषय होता चालकावाचून चालणाऱ्या मोटारीचा. एक तरुण गृहस्थ म्हणत होते की, दहा-पंधरा वर्षांत ही गाडी आपल्याला झोपेतच मंगेशाच्या दारात नेऊन सोडील. शेजारी एक वृद्ध चालक होते. त्यांची उभी हयात याच घाटात गेलेली. ते शांतपणे म्हणाले, "नेईल हो, पण धुक्यात समोर गवा उभा राहिला तर ती कोणाला हाक मारणार?" सारे हसले. आम्हीही हसलो, परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्याचा इतिहास चाळून पाहावा असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सारथ्यावाचून चालणारे वाहन आमच्या या मुलखाला मुळीच नवे नाही. मोटार येण्यापूर्वी घाटावरचे धान्य आणि किनाऱ्यावरचे मीठ यांची ने-आण लमाणांच्या बैलांचे तांडे करीत. पुढे बैलगाड्यांचे रस्ते झाले आणि बेळगाव-धारवाडकडील कापूस आंबोलीच्या घाटाने वेंगुर्ल्याच्या बंदरात जाऊ लागला. रात्रीच्या थंड वेळी गाड्यांची रांग चाले. आसाखाली कंदील हेलकावत असे आणि गाडीवान पोत्यावर आडवा होऊन निश्चिंत झोपी जाई. बैलांना वाट ठाऊक असे, पुढच्या गाडीमागे राहण्याचे त्यांना कळे, खड्डा दिसला तर ती मुकी जनावरे आपण होऊन बाजूला होत. ज्याला आज मोठ्या कौतुकाने स्वयंचालन म्हणतात त्याचा एक अंश त्या दोन बैलांच्या ठायी होता. मोटार आली आणि वेग वाढला, पण वाहनाला स्वतःची म्हणून जी अक्कल होती ती मात्र नाहीशी झाली. तेव्हापासून सारी अक्कल चक्रामागे बसलेल्या एकाच माणसाच्या डोळ्यांत आणि हातांत येऊन राहिली. गेली शंभर वर्षे यंत्रज्ञ जे करू पाहत आहेत ते, आमच्या मते, बैलाची गेलेली अक्कल गाडीला परत देण्याचाच खटाटोप आहे.

या कथेला आणखी एक बाजू आहे. तो निजलेला गाडीवान बैलांच्या रस्त्यावर सुरक्षित होता. त्याच रस्त्यावर डोळे दिपविणारे दिवे घेऊन मोटारी धावू लागल्या, तेव्हा त्याची ती झोप जीवघेणी ठरली. बैल बदलले नव्हते, रस्ता बदलला होता. दोन तऱ्हेची वाहने आणि दोन तऱ्हेची अक्कल एका वाटेवर आली म्हणजे संकट उभे राहते, हे सूत्र पुढील विवेचनात वाचकांनी विसरू नये.

कार्ल बेंझ याने आपल्या मोटारीसाठी एकस्वाचा अर्ज केला तो २९ जानेवारी १८८६ रोजी. परंतु रस्त्यावरील यंत्राचा धसका त्यापूर्वीचा. इंग्लंडात १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनाबरोबर तीन माणसे असावीत आणि त्यांपैकी एकाने साठ यार्ड पुढे लाल निशाण घेऊन चालावे, असे ठरविले होते. हलक्या मोटारींची या जाचातून सुटका झाली ती १८९६ मध्ये. म्हणजे अविश्वास हा मोटारीचा जन्माचा सोबती होय. नंतर एकेक काम माणसाच्या हातून यंत्राकडे गेले. १९१२ मध्ये कॅडिलॅक कंपनीने चार्ल्स केटरिंग याच्या युक्तीने विजेवर चालू होणारी गाडी विकावयास आणली आणि हँडल मारण्याची मेहनत संपली. काही वर्षांनी गिअर आपोआप बदलू लागले. दर वेळी पट्टीचे शौकीन म्हणाले की, आता चालविण्यात काय राम उरला? आणि दर वेळी थोड्याच वर्षांत त्यांच्या मुलांना जुन्या मेहनतीचे नावही आठवेनासे झाले.

चालकच वगळण्याची कल्पनाही पुष्कळ जुनी आहे. १९२५ मध्ये न्यू यॉर्कच्या रस्त्यांवरून एक रिकामी मोटार चालवून दाखविण्यात आली. मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीतून रेडिओच्या लहरींनी तिला हुकूम मिळत होते. तो प्रयोग अखेर दुसऱ्या एका मोटारीवर आदळून थांबला. १९३९ च्या न्यू यॉर्क जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्सने १९६० सालच्या जगाचा देखावा मांडला होता. त्यात महामार्गावरच्या मोटारी आपापसांतील अंतर आपोआप राखीत होत्या. १९६० साल आले आणि गेले; मोटारी वाढल्या, पण चालक जागच्या जागी होता.

खरी प्रगती झाली ती गणकयंत्राला डोळे लाभल्यावर. जर्मनीत अर्न्स्ट डिकमन्स या प्राध्यापकांनी कॅमेरे बसविलेली गाडी १९८७ मध्ये रहदारी बंद ठेवलेल्या महामार्गावर ताशी सुमारे ९६ किलोमीटर वेगाने चालवून दाखविली. १९९५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या दोघा संशोधकांनी अमेरिकेच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे सुमारे २,८५० मैलांचा प्रवास केला. त्यांपैकी शेकडा ९८ भाग अंतरात चक्र यंत्राच्या स्वाधीन होते. मात्र वेग आणि ब्रेक माणसाकडेच होते. मग १३ मार्च २००४ रोजी अमेरिकन संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने मोहावीच्या वाळवंटात चालकरहित गाड्यांची शर्यत लावली. सुमारे दीडशे मैलांच्या मार्गापैकी सर्वांत पुढे गेलेली गाडी साडेसात मैलही पुरे करू शकली नाही. जगाने थट्टा केली. पण पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी १३२ मैलांचा मार्ग पार केला, आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची 'स्टॅनली' पहिली आली. थट्टा करणारे आणि टाळ्या वाजविणारे, दोघांनीही उतावीळ होऊ नये, हा धडा या दोन वर्षांत आहे.

त्यानंतर गूगलने २००९ मध्ये आरंभिलेला प्रयोग 'वेमो' या नावाने वाढला. २०२० च्या ऑक्टोबरपासून फिनिक्स शहरात सर्वसामान्य उतारूंना चालकाविना टॅक्सी मिळू लागली. पुढे सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस आदी नगरांत ती पसरली. तेव्हा जांबोटीचे ते तरुण गृहस्थ केवळ मनोराज्य करीत होते असे म्हणता येणार नाही.

पण शंकाही निराधार नाहीत. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी या गावी उबर कंपनीच्या प्रयोगातील मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीचा बळी घेतला. ती स्त्री सायकल हाती धरून चालत होती. यंत्राला ती धडकेपूर्वी ५.६ सेकंद आधी दिसली होती, असे चौकशीत निष्पन्न झाले. मात्र ती वाहन आहे, अन्य काही वस्तू आहे की सायकल, याचाच निर्णय ते यंत्र पुनःपुन्हा बदलीत राहिले. गाडीत देखरेखीसाठी एक व्यक्ती बसलेली होती. तिची दृष्टी रस्त्यावर नसून दूरध्वनीच्या पडद्याकडे होती. आमच्या पोत्यावरच्या गाडीवानाची येथे आठवण होते. यंत्रावर अर्धा विश्वास टाकण्याची पाळी आली की माणूस पुरता निजतोही आणि पुरता जागाही राहत नाही. सर्वांत मोठा धोका या मधल्या अवस्थेत आहे. तज्ज्ञांनी २०१४ पासून स्वयंचालनाच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर यंत्र केवळ मदतनीस असते. तिसरीवर यंत्र चालविते, पण हाक देताच माणसाने चक्र हाती घ्यावयाचे असते. पाचवीवर माणसाची गरजच उरत नाही, आणि त्या पायरीवर अद्याप कोणीही पोहोचलेले नाही. फिनिक्सची टॅक्सी चौथ्या पायरीवरची. आखून दिलेल्या हद्दीतच तिचे शहाणपण चालते.

आता ही विद्या चोर्ल्याच्या घाटात आणून पाहावी. ही यंत्रे कॅमेरे, रडार, प्रकाशकिरणांनी अंतर मोजणारी साधने आणि बारकाईने केलेले नकाशे यांच्या आधारे चालतात. आषाढात येथे धुके उतरते, रंगविलेले पट्टे चिखलाखाली जातात, दरड येते, आणि आदल्या दिवशीचा नकाशा खोटा ठरतो. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीस उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियम आहे. पण तो अमलात येतो तो दिव्याची एक उघडझाप, हॉर्नचा एक आवाज, खिडकीतून बाहेर आलेला एक हात यांच्या भाषेत. ही भाषा कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नाही. कन्नड, मराठी आणि कोंकणी बोलणारे तीन चालक ती एकाच तऱ्हेने समजतात. यंत्राला ती शिकविता येणारच नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु ती शिकविण्यासाठी यंत्राला येथेच यावे लागेल, फिनिक्सच्या रुंद व कोरड्या रस्त्यावर ती सापडणार नाही.

आपल्या देशात चालकरहित वाहन आले ते प्रथम रुळांवर. २८ डिसेंबर २०२० रोजी दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर अशी गाडी सुरू झाली. रूळ तिचा एकटीचा. तेथे गाय नाही, गवा नाही, वळणावर थांबलेला ट्रक नाही. रस्त्यावर मात्र आपण मदतनिसाच्या पायरीवर आहो. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या महिंद्र कंपनीच्या 'एक्सयूव्ही ७००' सारख्या गाडीत समोर अडथळा येताच ब्रेक लावणारी आणि पट्टा सुटू न देणारी साधने आहेत. ही गाडी पुण्याजवळ चाकणला तयार होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी मात्र जुलै २०१७ मध्ये, आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात, चालकरहित मोटारींना आपला विरोध असल्याचे सांगितले. त्यांचे कारण यंत्राच्या अकलेचे नव्हते. चालकांच्या पोटाचे होते.

हे कारण इतिहासाला धरून आहे. १८८८ च्या सुमारास मुरगाव बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडले गेले, आणि वेंगुर्ल्याच्या रस्त्यावरील गाड्यांचा व्यापार ओसरला. रेल्वे आली हे वाईट झाले असे आज कोणी म्हणणार नाही. पण त्या गाडीवानांचे पुढे काय झाले, हेही कोणी विचारीत नाही. जांबोटी, खानापूर, निपाणी येथील कितीतरी घरांची चूल आज चालकाच्या मिळकतीवर पेटते. त्यांचा विचार आधी व्हावा, मागाहून नव्हे.

दुसऱ्या पारड्यातही भार थोडा नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. रात्रभर गाडी हाकून पहाटेच्या गारव्यात चालकाचा क्षणभर डोळा लागतो आणि जत्रेला निघालेल्या घरावर आकाश कोसळते, असे प्रसंग आपल्या समाजालाही नवे नाहीत. यंत्राला झोप येत नाही, ते मद्य घेत नाही, त्याला राग येत नाही. दृष्टी अधू झालेल्या वृद्धाला मुलांची वाट न पाहता देवदर्शनास जाता आले, तर ते सुख लहान मानता येईल काय?

मग आम्ही कोणत्या पक्षाचे? कठोपनिषदात देहाला रथ, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटले आहे. पण रथाचा स्वामी मात्र वेगळा सांगितला आहे. बुद्धीचे काही काम यंत्राने केले म्हणून स्वामित्व आणि जबाबदारी यंत्राकडे जात नाही. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदा परवाना असलेली व्यक्ती गाडी चालवीत आहे असे धरूनच रचलेला आहे. उद्या चक्रामागे कोणी नसेल, तर अपघाताचा जाब कोणी द्यावयाचा, गाडी बनविणाऱ्याने, मालकाने की नकाशा पुरविणाऱ्याने, हे गाडी येण्यापूर्वी ठरले पाहिजे. यंत्राची परीक्षाही आमच्या पावसात आणि आमच्या घाटात झाली पाहिजे. पुण्यास १९६६ पासून मोटार संशोधनाची संस्था आहे, हैदराबादच्या आय. आय. टी. मध्ये २०२२ पासून अशा वाहनांचे चाचणीक्षेत्र आहे. तेव्हा हे अशक्य नाही. तोपर्यंत धुक्यात इशारा देणारा आणि पेंगणाऱ्या चालकास जागे करणारा मदतनीस म्हणून यंत्राचे स्वागत करावे. त्याच्या हाती रथ सोपवून झोपी जाऊ नये.

मंगेशीच्या जत्रेतील रथ ज्यांनी पाहिला आहे त्यांना आमचे म्हणणे सहज पटेल. त्या रथाला इंजिन नाही आणि चक्र फिरविणारा चालकही नाही. तरी तो निराधार नसतो. दोरावर शेकडो हात असतात, आणि त्यातला प्रत्येक हात कोणाचा ते गावाला ठाऊक असते. जांबोटीहून घाटात उतरणारी उद्याची मोटार कोणी का हाकीना, तिच्या दोरावर कोणाचा हात आहे, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.