डोळ्यांची सावली

नंदाखालच्या वाडीत आपल्या आज्या पदर कपाळावर ओढून उन्हात राबायच्या. बर्फातले इनुइट लोक हाडाला बारीक चीर पाडून चष्मा करायचे. १९२९ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर सॅम फॉस्टरने स्वस्त गॉगल विकले आणि ते सामान्यांचे झाले. आपल्याकडे मात्र बाईनं गॉगल घातला की ‘हिरोईन’ म्हणून हसतात. हसू द्या! उन्हातले अतिनील किरण मोतीबिंदूचा धोका वाढवतात. नुसती काळी काच तर घातकच. तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त शिरतात. म्हणून ‘यूव्ही ४००’ पाहूनच घेऊ. उन्हाळ्यात गडद काच, पावसाळ्यात फिकट, कारण ढगांतूनही किरण येतात. अर्णाळ्याच्या चमचमत्या पाण्याजवळ पोलराइज्ड बरा. आज्यांचा पदर राहू दे, जोडीला गॉगल घेऊ.