रोजच्या गाडीतला दम

१६ डिसेंबर १९५३ रोजी जनरल मोटर्सच्या एका अभियंत्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिले. झोरा आर्कस-डंटोव्ह हे त्याचे नाव. नोकरीला लागून त्याला जेमतेम सात-आठ महिने झाले होते. टिपणाचा विषय होता तरुण मुले, 'हॉट रॉड'वाले, म्हणजे जुन्या गाडीत बदल करून तिला वेगवान करणारे, आणि कंपनीची शेव्हरोले. गाड्यांच्या छंदाची मासिके उघडा, म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फोर्डच दिसेल, असे त्याने लिहिले. आज जुनी फोर्ड घेऊन तिचे इंजिन उघडणारा पोरगा उद्या कमावता झाला की नवी गाडीही फोर्डचीच घेणार. या मुलांना आपल्याकडे वळवायचे असेल, तर आपल्या नव्या इंजिनासाठी कॅमशाफ्ट, व्हॉल्व, स्प्रिंगा, पिस्टन, मॅनिफोल्ड असे खास भाग आपणच बनवून खुल्या बाजारात विकले पाहिजेत, हा त्याचा सल्ला होता.

गॅरेजमध्ये तेलकट हातांनी काम करणाऱ्या पोरांकडून जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी काही शिकू शकते, हे तिच्याच एका माणसाने कागदावर मांडले होते. आज अमेरिकेत होंडा सिव्हिक टाइप आर, गोल्फ जीटीआय, सुबारू डब्ल्यूआरएक्स किंवा मस्टँग घेऊन रोज कामावर जाणारे आणि शनिवारी त्याच गाडीचे ब्रेक पॅड नि शॉकअब्सॉर्बर बदलत बसणारे असंख्य लोक आहेत. त्यांच्या गाड्यांचा वंश इंडियानापोलिसच्या किंवा ल मांच्या शर्यतीपर्यंत नेऊन भिडवण्याची पद्धत आहे. माझ्या मते तो धागा चुकीचा आहे. या घराण्याचा मूळपुरुष शर्यतीची गाडी नाही, सामान्य माणसाची स्वस्त गाडी आहे.

फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर बनली. इंजिन २.९ लिटरचे, पण ताकद अवघी २० हॉर्सपॉवर. एवढ्या प्रचंड संख्येने एकसारख्या गाड्या रस्त्यावर आल्या, तेव्हा आधी कधी नव्हती अशी सोय झाली. एका गाडीसाठी घडवलेला सुटा भाग लाखो गाड्यांना बसू लागला. विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावात जो यागर्सबर्गर या जुन्या शर्यतपटूने मॉडेल टीसाठी नवे सिलिंडर हेड बनवले. गावाच्या नावातला 'रा' आणि स्वतःचा 'जो' जोडून त्याने त्याला 'राजो' हे नाव दिले. शेव्हरोले बंधूंनीही फोर्डच्याच गाडीसाठी 'फ्राँटी' हेड विकले. मूळ हेड काढायचे, हे बसवायचे, की त्याच गाडीला वेगळाच पिकअप येई. शेतकऱ्याची गाडी शेतकऱ्याकडेच राही, फक्त जास्त पळे.

खरा बहर आला तो १९३२ मध्ये. हेन्री फोर्डने आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन सामान्यांच्या गाडीत घातले. आठ सिलिंडर ही तोवर श्रीमंतांची चैन होती. फोर्डने सगळा ब्लॉक एकाच ओतकामात काढला आणि पाचशे डॉलरच्या आत मिळणाऱ्या उघड्या रोडस्टरमध्ये ६५ हॉर्सपॉवर दिली. या इंजिनाचे व्हॉल्व हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये होते, त्यामुळे हेड म्हणजे नुसते एक चपटे झाकण. एका बाजूचे एकवीस नट सोडले की ते हातात येई. मग आतल्या उणिवा उघड्या दिसत. जळलेला वायू ब्लॉकमधूनच, पाण्याच्या पोकळीला चाटून बाहेर जाई आणि इंजिन तापे. मधल्या दोन सिलिंडरांना बाहेर पडायला एकच वाट होती. कॉम्प्रेशन कमी होते. त्रुटी सगळ्या समोर आणि उपाय परवडणारे. ॲल्युमिनियमचे हेड लावून कॉम्प्रेशन वाढवायचे, दोन कार्ब्युरेटर बसतील असा मॅनिफोल्ड चढवायचा, कॅमशाफ्ट नव्याने घासून घ्यायचा, धुराची वाट मोकळी करायची. पोरांच्या दोन पिढ्या याच एका इंजिनावर मोटार शिकल्या.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सुमारे दीडशे किलोमीटरवर मोहावी वाळवंटात म्युरॉक नावाचे कोरडे तळे आहे. आज तिथे एडवर्ड्स हवाई तळ आहे. तळ्याची जमीन मैलोन्‌मैल सपाट आणि टणक. पोरे रात्री गाडी हाकत तिथे जात, पहाटे मडगार्ड, दिवे, पुढची काच काढून ठेवत, गाडी जिवाच्या आकांताने पळवत, वेळ नोंदवत. मग सगळे पुन्हा जागच्या जागी बसवून घरी परतत, कारण सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचे असे. अशा पोरांच्या क्लबांची दक्षिण कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन १९३७ मध्ये उभी राहिली. पुढे शर्यतींसाठी वेगळ्या गाड्या होऊ लागल्या आणि ती शाखा फुटून निघाली. मला मोलाची वाटते ती मागे राहिलेली शाखा, कामालाही तीच आणि मौजेलाही तीच गाडी वापरणाऱ्यांची.

व्हिक एडेलब्रॉक हा कॅन्ससमधून लॉस एंजेलिसला आलेला गॅरेजवाला. १९३८ मध्ये त्याने १९३२ ची फोर्ड रोडस्टर घेतली. बाजारातल्या मॅनिफोल्डवर तो समाधानी नव्हता, म्हणून स्वतः 'स्लिंगशॉट' नावाचा मॅनिफोल्ड तयार केला. ज्यांच्या गाड्या त्याच्या मागे पडल्या, तेच तो विकत मागू लागले. एड इस्केंडेरियन हा आर्मेनियन घरातला पोरगा. महायुद्धानंतर कॅमशाफ्ट करून घ्यायला फार थांबावे लागते म्हणून त्याने ग्राइंडिंगचे यंत्रच मिळवले आणि १९४६ पासून कॅम घासून द्यायला लागला. युद्धावरून परतलेल्या मुलांपाशी पैसे होते आणि यंत्रांची सवयही होती. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसनने 'हॉट रॉड' मासिक काढले, किंमत २५ सेंट. त्याच वर्षी जूनच्या मुखपृष्ठावर इस्केंडेरियनची मॉडेल टी झळकली. लॉस एंजेलिसच्या गल्लीतले ज्ञान आता आयोवाच्या शेतावरच्या पोरालाही टपालाने मिळू लागले. कॅटलॉग मागवायचा, मनीऑर्डर धाडायची, खोके यायची वाट बघायची.

डंटोव्हचे टिपण या पार्श्वभूमीवरचे आहे. फोर्डच्या त्याच व्ही-८ इंजिनासाठी त्याने स्वतः 'आर्डन' हेड बनवून विकले होते, म्हणून तो अनुभवातून बोलत होता. शेव्हरोलेचे नवे व्ही-८ इंजिन १९५५ मध्ये आले, ४.३ लिटरचे, वजनाने हलके. कंपनीने जास्त ताकदीचे भागही विकायला काढले. १९५७ मध्ये याच इंजिनाने २८३ घन इंचांतून इंधन इंजेक्शनच्या जोरावर २८३ हॉर्सपॉवर दिली. काही वर्षांत पोरे फोर्डच्या सांगाड्यातही शेव्हरोलेचे इंजिन बसवू लागली. टिपणाचा याहून मोठा विजय कोणता?

पुढची पायरी कंपन्यांनी सहज चढली. पोरे घरी जे करतात ते आपणच करून का विकू नये? जनरल मोटर्सच्याच पाँटिॲक विभागात जॉन डीलोरियन आणि सहकाऱ्यांनी मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत मोठ्या गाडीचे ६.४ लिटरचे इंजिन घातले. एवढ्या गाडीत एवढे मोठे इंजिन जनरल मोटर्सच्या नियमात बसत नव्हते. म्हणून १९६४ साली ते सुमारे तीनशे डॉलरचा जादा पर्याय म्हणून विकले गेले. हीच जीटीओ. पाच हजार खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर गेल्या. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग आली, २,३६८ डॉलरला, जोडीला लांबलचक पर्यायांची यादी. शोरूममध्ये बसून आपली गाडी आपणच ठरवायची, ही कल्पना हॉट रॉडवाल्यांची आणि धंदा डेट्रॉइटचा.

मग सत्तरचे दशक उजाडले. तरुणांच्या विम्याचे हप्ते आधीच चढले होते. १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला, शिसेविरहित पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरले, १९७३ मध्ये तेलबंदी झाली. छंदाच्या इतिहासात हा काळ अन्यायाचा म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही. कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते की लॉस एंजेलिसवर पसरणारा डोळे चुरचुरवणारा धुरका मोटारींच्या धुरावर ऊन पडून होतो. ज्या शहरात हा छंद वाढला, त्याच शहराची मुले खोकत होती. कायदा लागणारच होता आणि लागायलाच हवा होता.

या कायद्यापुढे छंद कसा टिकला, हे बघायला कॅलिफोर्नियातल्या गाडीचे बॉनेट उघडावे. बाहेरून आणून लावलेल्या एअर फिल्टरच्या नळीजवळ एक छोटे स्टिकर असते, त्यावर 'डी' हे अक्षर आणि पुढे आकडे. कॅलिफोर्निया हवा मंडळाने तो भाग तपासला, त्याने धूर वाढत नाही, असा तो दाखला. १९८४ पासून तिथे स्मॉग चेक आहे. तपासनीस बॅटरी घेऊन वाकतो आणि हा क्रमांक शोधतो. क्रमांक असला तर पास, नसला तर मूळ भाग लावून परत या. १९६३ मध्ये वेगवर्धक भाग बनवणाऱ्यांनी 'सेमा' ही संघटना स्थापली आणि इस्केंडेरियन तिचा पहिला अध्यक्ष झाला. या संघटनेने पुढे सरकारशी भांडण आणि बोलणी दोन्ही चालू ठेवली. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने आणखी एक दार उघडले. बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, बिघाड त्या भागामुळेच झाला हे तिला दाखवावे लागते.

आपल्याकडे याच्या उलट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. पुण्या-नागपुरात पोलीस जप्त केलेल्या बुलेटच्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात. कर्णकर्कश सायलेन्सरला माझी सहानुभूती नाही. पण चांगला आणि वाईट बदल वेगळा काढणारा तो क्रमांक आपल्याकडे असता, तर आपल्या मेस्त्रींच्या हातांना कितीतरी सन्मानाचे काम मिळाले असते.

ऐंशीच्या दशकात गाड्यांना पुन्हा दम आला, पण यावेळी वजन कमी करून. १९८३ ची फोक्सवॅगन रॅबिट जीटीआय पेनसिल्व्हेनियात बनली. ताकद ९० हॉर्सपॉवर, मागे सामानाला ऐसपैस जागा. माझदाची मियाटा १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आली. बॉब हॉल या अमेरिकन पत्रकाराने १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोटो यांच्यापुढे अशा गाडीची कल्पना मांडली होती. ११६ हॉर्सपॉवर आणि हजार किलोच्या आत वजन. गाडी वेगाने जाण्यापेक्षा तिने वळणावर हाताला साथ द्यावी, हे सुख तिने पुन्हा परवडणाऱ्या भावात आणले.

मस्टँगची गोष्ट थोडी निराळी आहे. तिच्या ५.० लिटर इंजिनाच्या संगणकाला आत किती हवा जाते हे मोजता येत नसे, तो मॅनिफोल्डमधल्या दाबावरून अंदाज बांधी. कॅमशाफ्ट बदलला की अंदाज चुके आणि गाडी सिग्नलला धडधडू लागे. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात आणि १९८९ मध्ये सगळीकडे फोर्डने हवा प्रत्यक्ष मोजणारा मीटर लावला. आता कॅम बदला, हेड बदला, संगणक आपोआप जुळवून घेई. जुन्या गाड्यांना तो मीटर लावायचा संच फोर्डनेच विकला. पस्तीस वर्षांनी डंटोव्हचा सल्ला फोर्डने पाळला म्हणायचा.

याच सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आशियाई घरांतल्या मुलांना आईवडिलांची जुनी सिव्हिक मिळे. तिच्यात होंडाच्या इंटेग्राचे ताकदवान इंजिन थोड्या खटपटीने बसते, हे त्यांनी शोधले. जपानमध्ये जुन्या गाडीची सक्तीची तपासणी महाग पडते, त्यामुळे तिथली चांगली इंजिने स्वस्तात जहाजाने येत. १९९० मध्ये पामडेलला आयात गाड्यांची 'बॅटल ऑफ द इंपोर्ट्स' ही शर्यत झाली. हॉलिवूडला हे जग दिसायला २००१ उजाडले, आणि 'द फास्ट अँड द फ्युरियस' मुळे जगाला वाटले की हे सगळे निऑन दिव्यांबद्दल आहे. मॉडेल टीला राजो हेड बसवणाऱ्या माणसाने मात्र या सिव्हिकला बघताक्षणी ओळखले असते.

१९९६ पासून अमेरिकेत प्रत्येक नव्या गाडीला निदानाचे एकच ठरावीक सॉकेट सक्तीचे झाले. ते दुरुस्तीसाठी होते, पण त्यातून लॅपटॉप इंजिनापर्यंत पोचला. पाना मागे पडला आणि सॉफ्टवेअर पुढे आले. २०१५ मध्ये अमेरिकी कॉपीराइट कायद्याखाली सूट मिळाली की मालकाला दुरुस्तीसाठी आणि कायदेशीर बदलांसाठी गाडीच्या सॉफ्टवेअरचे कुलूप उघडता येईल. सॉफ्टवेअरपर्यंत पोचण्याचा गैरवापरही झाला. डिझेल पिकअपचे प्रदूषण नियंत्रण काढून टाकणाऱ्यांचा हिशेब पर्यावरण खात्याने २०२० मध्ये मांडला, तेव्हा आकडा साडेपाच लाख गाड्यांच्या वर गेला. काळा धूर ओकत जाणाऱ्या त्या ट्रकांना मी या घराण्यात धरत नाही. त्यांच्यापायी प्रामाणिक छंदिष्टांवरही संशय आला. जुलै २०२१ पासून कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चेकमध्ये इंजिनाचे सॉफ्टवेअरही तपासले जाते.

डिसेंबर २०१९ मध्ये टेस्लाने मॉडेल ३ च्या एका प्रकारासाठी दोन हजार डॉलरला जास्तीचा दम विकायला काढला. फोनवरून पैसे भरा, की ताशी ६० मैलांचा वेग गाठायला ४.४ ऐवजी ३.९ सेकंद लागतील. एकही नट सोडायचा नाही, कारण ती ताकद गाडीत आधीच होती, फक्त कुलूपबंद. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या क्युबेकमधल्या एका लहान कंपनीने तेच काम करणारे एक छोटे खोके जवळपास अर्ध्या किमतीत बाजारात आणले. मालकाने ते स्वतःच बसवायचे. टेस्लाने अपडेट पाठवून ते ओळखले आणि पडद्यावर इशारा झळकवला. काही आठवड्यांतच त्या कंपनीने त्यावरही तोड काढली.