राजगृहातील शलाकाभक्त

संघभोजनाचा विचार करताना आपण दात्याच्या पुण्याकडे पाहतो, वाटपाकडे क्वचितच. चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात मात्र वाटपच मुख्य आहे. राजगृहात दुष्काळ पडला. सगळ्या संघाला भोजन देणे लोकांना झेपेना. निवडक भिक्खूंना, उपोसथाच्या दिवशी वा प्रतिपदेला, असे जमेल तसे ते देऊ इच्छित होते. भगवंतांनी अनुमती दिली. तोच षड्वर्गीय भिक्खूंनी चांगले अन्न स्वतःकडे ठेवून निकृष्ट ते इतरांना दिले!

तेव्हा छंद, द्वेष, मोह व भय यांना वश न होणारा भत्तुद्देसक नेमण्याचे ठरले. एवढ्यावर विनय थांबत नाही. शलाका किंवा पट्टिका बांधून, त्या एकत्र मिसळून मगच अन्न नेमून द्यावे, असाही नियम झाला. सज्जनाच्या सज्जनपणावर सारे सोपविले नाही, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

भत्तुद्देसक दब्ब मल्लपुत्तांच्या कथेत मेत्तिय-भुम्मजक भिक्खूंच्या पुढे कणाजक, म्हणजे कण्या, आणि आंबट पेज येते. (कणाजकातला ‘कण’ आपल्या कण्यांत आजही आहे.) आसन घरात नव्हे, द्वारकोष्ठकात, वाढायला दासी. त्यांनी दोष दब्बांना दिला. वाटप दब्बांचे होते खरे; कण्या वाढण्याचा हुकूम मात्र गृहपतीचा होता.