परतीच्या वाटेवरील एडन

परदेशची सफर आटोपून स्वदेशी परतणाऱ्या प्रवाशाच्या मनाची स्थिती मोठी चमत्कारिक असते. जाताना जे बंदर त्याला नवलाचे वाटते, तेच येताना नुसता खोळंबा वाटू लागते. लंडन-पॅरिसच्या आठवणींनी मन भरलेले आणि डोळे घराकडे लागलेले. अशा वेळी मधल्या गावाची विचारपूस कोण करणार? आगबोटींच्या काळात ही उपेक्षा ज्या शहरांच्या वाट्यास आली, त्यांत एडनचा क्रमांक फार वरचा लागेल. विलायतेहून मुंबईस येणाऱ्या बोटींचा हा बहुधा शेवटचा मुक्काम. येथून निघाले की पाच-सहा दिवसांत मुंबईचा किनारा दिसे. ‘बोट कोळसा घेण्यास थांबली, गाडी करून टाकी पाहिली, परत आलो’, एवढ्यात ह्या शहराची बोळवण होई. परंतु ह्या काही तासांच्या मुक्कामात आपल्या इतिहासाचा केवढा भाग दडलेला आहे, हे वाचकांपुढे मांडावे, असे आम्हांस वाटते.

एडनचे भाग्य उजळले ते कोळशामुळे. १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईत बांधलेली आगबोट मुंबईहून सुवेजला गेली, तेव्हा वाटेत तिला एडन येथे कोळसा घ्यावा लागला. शिडाच्या जहाजाला वारा पुरे. आगबोटीला मात्र ठराविक अंतरावर कोठार लागते. पुढे ‘दर्या दौलत’ नावाचे इंग्रजी निशाणाचे जहाज एडनजवळ फुटून लुटले गेले. ते निमित्त पुढे करून कॅप्टन हेन्स ह्या कंपनी सरकारच्या आरमारी अधिकाऱ्याने तेथील सुलतानाशी बोलणी लावली, आणि ती फिसकटल्यावर १९ जानेवारी १८३९ रोजी तोफा डागून गाव ताब्यात घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतला हा पहिला नवा मुलूख. तो जिंकण्यास लष्कर गेले ते मुंबईहून, आणि जिंकल्यावर कारभारही मुंबईनेच पाहिला.

१८६९ साली सुवेजचा कालवा खुला झाला आणि युरोपची वाट कितीतरी जवळ आली. तेव्हापासून राजेरजवाडे, बॅरिस्टर, व्यापारी, सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेस बसणारे विद्यार्थी, असा मोठा वर्ग ह्या वाटेने जाऊ-येऊ लागला. केवळ सहलीसाठी जाणारे उन्हाळ्याच्या तोंडी निघत आणि पावसाळा सरल्यावर परतत. कारण एडन आणि मुंबई यांमधला समुद्र नैर्ऋत्येच्या वाऱ्याने ऐन पावसाळ्यात असा खवळतो, की प्रवासाची सारी हौस फिटावी. बोट बंदरात लागली की कोळसा भरण्यास प्रारंभ होई. काळी धूळ सर्वत्र पसरे, म्हणून खोल्यांची गवाक्षे बंद करीत, आणि प्रवासी नाइलाजाने किनाऱ्यावर उतरत. पाण्यात टाकलेले नाणे बुडी मारून वर काढणारी सोमाली मुले, शहामृगाची पिसे विकणारे यहुदी व्यापारी, आणि गाडीने काही मैलांवर एका निवालेल्या ज्वालामुखीच्या पोटात वसलेले जुने गाव, एवढे पाहावयाचे. त्या गावाच्या माथ्यावर, डोंगराच्या घळीत, पावसाचे पाणी साठविण्यासाठी प्राचीन काळी बांधलेली टाकी आहेत. ती गाळाने बुजून गेली होती. १८५० नंतरच्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांनी उपसून ती दुरुस्त केली. पाऊसच क्वचित पडत असल्याने बहुतेकांना ती कोरडीच पाहावी लागत.

आपल्याकडच्या प्रवाशाला एडनमध्ये खरे नवल वाटण्याजोगे होते ते निराळेच. परक्या देशात उतरलो म्हणावे, तर हाती रुपये-आणेच खुळखुळत. घरी पत्र टाकावे, तर त्यावर १९३७ पर्यंत हिंदुस्थानचेच तिकीट लागे. मोठ्या दाव्यांची दाद मुंबईच्या हायकोर्टाकडे. बंदरावरची प्रमुख पेढी कावसजी दिनशा ह्या पारशी गृहस्थांची. त्यांच्या घराण्यास ‘एडनवाला’ हे आडनावच पडले. १९३२ पर्यंत हे शहर मुंबई इलाख्याचाच भाग होते. म्हणजे मुंबईस पोहोचण्यापूर्वी आठवडाभर आधीच प्रवासी मुंबई सरकारच्या अमलात येत असे. कित्येकांस ह्याची जाणीवही होत नसे.

त्याच अमलाची दुसरी बाजू टाक्यांच्या वाटेवर दिसत नसे. वासुदेव बळवंत फडके हे शिरढोणचे, पुण्यातील लष्करी हिशेबखात्यातले कारकून. १८७६-७७ च्या दुष्काळात रयतेचे हाल पाहून ते पेटून उठले आणि रामोश्यांची फळी जमवून त्यांनी सरकारविरुद्ध बंड उभारले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. पुण्यातील खटल्यात त्यांची बाजू मांडण्यास सार्वजनिक काका पुढे आले, तरी शिक्षा झाली ती जन्मठेपेची. अंदमानास न पाठविता सरकारने १८८० च्या प्रारंभी त्यांस एडनला नेले. तेथे त्यांनी एकदा कोठडीचे दार बिजागरीतून उखडून पळ काढला. परंतु अनोळखी उजाड मुलखात पळणार तरी कोठे? ते पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी तेथेच त्यांचा अंत झाला. त्या तीन वर्षांत घराकडे निघालेल्या कितीतरी बोटी एडनच्या बंदरात नांगर टाकून गेल्या असतील. प्रवाशांना चार तासांचा थांबा लांबला असे वाटत होते. त्याच गावात एका माणसाच्या परतीची वाट कायमची बंद झाली होती. बोट चालविणारा कोळसा आणि कैद्याला कोंडणारी भिंत, दोन्ही एकाच राज्ययंत्राची अंगे होती, हे आम्हांस विसरता येत नाही.

ह्या कथेला एक विलक्षण जोड आहे. ज्या हेन्सने एडन घेतले, तो पंधरा वर्षे तेथला कारभारी होता. सुमारे ६०० वस्तीचे मोडके खेडे त्याने भरभराटीचे बंदर केले. परंतु हिशेबात मोठी तूट आढळली आणि १८५४ मध्ये त्याला मुंबईस बोलावून त्याच्यावर अफरातफरीचा खटला भरण्यात आला. ज्यूरीने दोनदा निर्दोष ठरविले, तरी येणे रकमेपायी सरकारने त्याला मुंबईच्या तुरुंगात सुमारे सहा वर्षे अडकवून ठेवले. १८६० साली सुटका झाली. पण विलायतेस जाण्यापूर्वीच, थोड्या दिवसांत, मुंबई बंदरातील जहाजावर तो मरण पावला. एकाने राज्य वाढविले, दुसऱ्याने ते उलथण्यासाठी शस्त्र धरले. दोघांची तुलना आम्ही करू इच्छीत नाही. परंतु एडन जिंकणारा मुंबईस कैदेत पडला आणि मुंबई इलाख्यातला बंडखोर एडनला, आणि दोघांसही घर पुन्हा दिसले नाही, ही इतिहासाची घटना विचार करावयास लावणारी खास आहे.

पुढे कोळशाची जागा तेलाने घेतली, तेलावरच्या बोटींची जागा विमानांनी. १९३७ मध्ये एडन हिंदुस्थानच्या कारभारातून वेगळे झाले, आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी इंग्रजही तेथून गेले. तेथील पारशांचा पवित्र अग्नी १९७६ साली विमानाने मुंबईस आणून लोणावळ्यास स्थापन करण्यात आला. २०१५ मध्ये येमेनात यादवी भडकली, तेव्हा अडकलेल्या भारतीयांना सोडविण्यास जी लढाऊ जहाजे एडनला गेली, त्यांत एकीचे नाव होते ‘मुंबई’. तोफांच्या माऱ्यामुळे तिला बंदरात शिरता आले नाही. लहान होड्यांतून माणसे तिच्यापर्यंत आणावी लागली. जुन्या वाटेवर जुनेच नाव पुन्हा उमटले. मात्र ह्या वेळी ते माणसांना कोंडण्यास नव्हे, घरी आणण्यास गेले होते.

आज परदेशाहून परतणारी कुटुंबे एखाद्या आखाती शहराच्या विमानतळावर काही तास काढतात. बाजार पाहतात, खाऊ घेतात आणि पुढच्या विमानाची वाट पाहतात. त्यात वावगे काहीच नाही. परंतु जेथे आपण क्षणभर थांबतो, तेथे आपल्यातलेच कोणी आयुष्यभर थांबलेले असते, कधी पोटासाठी तर कधी नाइलाजाने. त्यांची आठवण ठेवण्यास बोट चुकण्याइतका वेळ लागत नाही.