राजो खंय होतो?

सातवीच्या वर्गात दुर्गाबाईंचं नाव काढलं, की कुणीतरी हमखास विचारायचं, "बाई, मगे राजो खंय होतो?" राजा होता. आठ वर्षांचा.

सावंतवाडीचे तिसरे खेमसावंत 1803 मध्ये वारले. मागे चार राण्या. मुलगा एकही नाही. त्यांतल्या लक्ष्मीबाई म्हणजे जयाप्पा शिंद्यांची लेक. 1763 च्या त्या सोयरिकीने शिंद्यांचं वजन वाडीच्या पाठीशी उभं राहिलं होतं. घरची भाऊबंदकी मात्र त्या वजनाने थांबली नाही. 1805 मध्ये लक्ष्मीबाईंनी भाऊसाहेबांना दत्तक घेतलं आणि थोड्याच वर्षांत बिछान्यात गळा आवळून भाऊसाहेबांचा खून झाला. पुढे फोंडसावंत गादीवर आले, तेही 1812 मध्ये गेले. त्याच वर्षी वेंगुर्लं इंग्रजांना देऊन झालं होतं. गादीवर आले आठ वर्षांचे चौथे खेमसावंत.

अशा उसवलेल्या दौलतीचा कारभार तिसऱ्या खेमसावंतांच्या दुसऱ्या विधवा राणी, दुर्गाबाई, यांच्याकडे आला. कोल्हापूरकरांनी घेतलेले भरतगड आणि नरसिंहगड त्यांनी परत जिंकले. भरतगड म्हणजे आपल्या मसुऱ्याचा. कोल्हापूरची पाठराखण इंग्रजांनी पत्करली होती. किल्ले सोडा, असा निरोप त्यांनी धाडला. बाईंनी सोडले नाहीत. इंग्रजांची फौज चालून आली.

हट्ट म्हणा हवं तर. इंग्रजांची ताकद जोखण्यात त्या चुकल्या, हे मला मान्य आहे. पण पुण्यात बाजीराव पेशवेही 1817 मध्ये तिथंच चुकले आणि त्यांच्या पराभवावर आपण धडेच्या धडे शिकवतो. दुर्गाबाईंच्या वाट्याला "राणीने कारभार पाहिला" एवढी एक ओळ. तीही पुस्तकात नसेल तर शिक्षकाने आपल्या तोंडाने सांगायची.

1819 मध्ये विल्यम ग्रँट कीरच्या फौजेने निवती आणि रेडीचा यशवंतगड घेतला आणि तहात वाडीने इंग्रजांचं वर्चस्व मान्य केलं. त्याच सुमारास दुर्गाबाई वारल्या. उरलेल्या राण्या सावित्रीबाई आणि नर्मदाबाई या दोघींनी कारभार हाती घेतला. बायकांच्या हाती राज्य गेलं म्हणून ते बुडालं, असं सांगणारे आजही भेटतात. त्यांनी पुढच्या तारखा पाहाव्यात. 1822 मध्ये चौथे खेमसावंत वयात आले आणि कारभार त्यांच्या हाती गेला. 1838 मध्ये इंग्रजांनी तो काढून घेतला, तो त्यांच्याकडून.